विमानांतील खिडकी

आगगाडीची खिडकी आणि विमानाची खिडकी यांत नांवापुरतें साम्य असलें, तरी व्यवहारांत मोठें अंतर आहे. आगगाडींत खिडकी ही फिरती वस्तु असते. कर्जतपर्यंत थोरल्यानें बसावें, घाट सुरू झाला कीं धाकटीस जागा द्यावी, आणि लोणावळ्यास चिक्की घेण्यासाठीं कोणी उठला कीं तिसऱ्यानें ती हळूच बळकवावी, अशी तिची वांटणी आमच्या कुटुंबांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. विमानांत अशी देवघेव फारशी चालत नाहीं. तेथें कोणीं कोठें बसावयाचें हें घरीं असतांनाच, आंकडा आणि अक्षर यांनीं, ठरून गेलेलें असतें. आणि एकदां तें ठरलें म्हणजे पुढील दोन तासांत पायांखालून जे डोंगर, ज्या नद्या आणि जीं शहरें जावयाचीं, तीं कोणास दिसणार व कोणास नाहीं, हेंहि ठरून गेलेलें असतें.

असें असूनहि या गोष्टीचा विचार आमच्या घरांतून क्वचितच होतो. तिकिटें काढतेवेळीं भाडें, सुटण्याची वेळ, सामानाचें वजन यांची चौकशी मोठ्या बारकाईनें होते. कोणत्या अंगास बसावयाचें, हा प्रश्न मात्र कोणी काढीत नाहीं. खिडकी मिळाली तर नशीब, न मिळाली तर तेंहि नशीब, असा एकंदर समज दिसतो. हल्लीं बहुतेक विमान-कंपन्या पसंतीच्या जागेसाठीं निराळे पैसे आकारतात. तेव्हां पैसे मोजून खिडकी घ्यावी आणि ती नेमकी चुकीच्या बाजूची निघावी, हें तर दुहेरी नुकसान होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, खिडकी ही नशिबाची बाब नसून विचाराची आहे. आणि तो विचार विमानतळावरील रांगेंत नव्हे, तर घरच्या बैठकींत, नकाशा पुढें ठेवून, सर्वांनीं मिळून करावयाचा आहे.

पहिलें काम अगदीं सोपें आहे. मुलांचें शाळेंतील नकाशांचें पुस्तक काढावें, निघण्याचें शहर आणि पोहोंचण्याचें शहर यांवर पट्टी ठेवावी व पेन्सिलीनें एक रेघ ओढावी. विमान तंतोतंत या रेघेवरूनच जाईल असें नाहीं. मार्गनियंत्रकांच्या सूचना, वाटेंतील वादळी ढग, लष्करी हद्दी यांमुळें त्यास वळसे घ्यावे लागतात. तरीपण रेघेच्या डाव्या अंगास काय आहे व उजव्या अंगास काय आहे, याचा एक भरंवशाचा अंदाज या पट्टीनें मिळतो.

आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाचें उदाहरण घेऊं. मुंबईहून नागपुरास ओढलेली रेघ छत्रपती संभाजीनगराच्या अगदीं जवळून जाते. तिच्या दक्षिणेस, म्हणजे विमानांत पुढें तोंड करून बसलेल्या माणसाच्या उजव्या हातास, पैठणचा नाथसागर पसरलेला आहे. गोदावरीवरील जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, त्यानें अडविलेलें हें पाणी. पुढें निम्म्याहून थोडी अधिक वाट सरली, कीं त्याच उजव्या हातास, रेघेपासून सुमारें तीस किलोमीटरांवर, लोणारचें सरोवर येतें. काळ्या बेसाल्ट खडकांत अशनीच्या आघातानें पडलेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आहे. काठावर उभें राहून पाहणाऱ्यास त्याची खोली समजते. पण तें किती वाटोळें आहे हें उंचीवरूनच कळतें.

आतां तीच पट्टी उचलून पुणें आणि नागपूर यांवर ठेवावी. ही रेघ अधिक दक्षिणेकडून चढत जाते. त्यामुळें अहिल्यानगर, नाथसागर आणि लोणार हीं तिन्ही तिच्या उत्तरेस, म्हणजे डाव्या हातास पडतात; लोणार तर जवळजवळ बरोबर मध्यावर आणि रेघेपासून अवघ्या पंधरा-एक किलोमीटरांवर. म्हणजे नागपुरास एकाच लग्नासाठीं निघालेल्या कुटुंबापैकीं मुंबईकर शाखेनें उजवीकडे बसावें आणि पुणेकर शाखेनें डावीकडे, हें योग्य. मुंबईच्या काकांनीं अनुभवाचे बोल म्हणून पुण्याच्या पुतण्यास उजवी खिडकी घ्यावयास सांगितलें, तर काका खरे बोलतील आणि पुतण्याचें लोणार मात्र चुकेल! दुसऱ्याचा सल्ला जसाच्या तसा न घेतां आपली रेघ आपण ओढावी, असें आम्ही म्हणतों तें याचसाठीं. विमान मिनिटास बारा-तेरा किलोमीटर जातें. म्हणून वाट किती सरली म्हणजे काय यावयाचें, तें घड्याळाच्या हिशेबानें आधींच टिपून ठेवावें. नाहींतर चहाचा पेला हातीं येईपर्यंत सरोवर मागें पडलेलें असतें.

दिशा आणि हात यांचा मेळ घालणें आमच्या वाचकांस अवघड जाऊं नये. पूर्वेस तोंड करून संध्येस बसणाऱ्याच्या उजव्या हातास दक्षिण असते. किंबहुना ‘दक्षिण’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थच मुळीं ‘उजवा’ असा आहे. तेव्हां पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांत उजवी खिडकी दक्षिणेची व डावी उत्तरेची. उत्तरेकडे जातांना उजवी पूर्वेची व डावी पश्चिमेची. उरलेल्या दोन दिशांस याच्या उलट समजावें. देशांतील प्रवासास नेहमीं जीं विमानें लागतात, त्या एअरबस ए-३२० व बोइंग ७३७ या जातींच्या विमानांत एका ओळींत सहा आसनें असतात. त्यांपैकीं ‘ए’ हें डाव्या खिडकीचें आणि ‘एफ’ हें उजव्या खिडकीचें आसन होय. परत येतांना सर्व उलटतें, हें ध्यानांत असूं द्यावें. जातांना ‘ए’ मधून जें दिसलें, तें येतांना ‘एफ’ मधून दिसतें. म्हणून जातां-येतां दोन्ही वेळां एकच अक्षर घेणाऱ्यास मार्गाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात.

दुसरा विचार सूर्याचा. खिडकीच्या तावदानावर असंख्य बारीक ओरखडे असतात. समोरून ऊन आलें, कीं ते सर्व एकदम चमकूं लागतात आणि खालचा मुलूख धुरकट पांढुरका दिसूं लागतो. सूर्याकडे पाठ असलेल्या बाजूस बसणारास तोच मुलूख स्वच्छ, रंगीत आणि उजळलेला दिसतो. म्हणून सकाळीं उत्तरेस किंवा दक्षिणेस जाणाऱ्यानें पश्चिमेची खिडकी घ्यावी, दुपार कलल्यावर पूर्वेची. आणि हिंवाळ्यांत पूर्वेस वा पश्चिमेस जाणाऱ्यानें दिवसभर केव्हांहि उत्तरेची. ऐन मध्यान्हीचें विमान शक्य तर टाळावें. माथ्यावरच्या उन्हांत डोंगर चपटे होतात. सकाळीं आठ-नऊच्या किंवा दुपारीं चारच्या तिरप्या किरणांत मात्र प्रत्येक सोंड आणि प्रत्येक दरी आपापली सावली घेऊन उठून दिसते.

सूर्य आणि नकाशा यांचा एकत्र विचार कसा करावा, याचें चांगलें उदाहरण म्हणजे मुंबई-गोवें हा मार्ग. पट्टी ठेवली तर ही रेघ कोंकणच्या किनाऱ्यास जवळजवळ चिकटून दक्षिणेस उतरते. सह्याद्रीची भिंत डाव्या हातास, अरबी समुद्र उजव्या हातास. सकाळच्या विमानांत ऊन डोंगरांकडून येतें. तेव्हां उजवीकडे बसून खाड्यांचीं मुखें आणि समुद्राचा रंग पाहावा. दुपारच्या विमानांत ऊन समुद्राकडून येतें आणि सह्याद्रीचे कोंकणाकडे तोंड करून उभे असलेले कडे तेवढे उजळून निघतात. तेव्हां डावी खिडकी घ्यावी. पाऊस नुकताच ओसरलेल्या भाद्रपद-आश्विनांत या कड्यांचा हिरवा रंग पाहिला म्हणजे, आपण ज्यास घाट म्हणून नुसते ओलांडतों तें केवढें प्रचंड बांधकाम निसर्गानें केलें आहे, याची कल्पना येते.

सूर्याच्या उलट बाजूस बसण्याचा आणखी एक लाभ आहे. खालीं ढगांचा सलग थर असला, तर त्यावर विमानाची सावली पळत असते आणि सावलीभोंवतीं रंगीत वर्तुळें दिसतात. ढगांतील सूक्ष्म थेंब प्रकाश उलट दिशेस परतवितात, त्याचा हा परिणाम. हरिश्चंद्रगडाच्या कोंकणकड्यावर पावसाळ्यांत क्वचित् दिसणारें जें इंद्रवज्र, ज्याचें वर्णन कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें एकोणिसाव्या शतकांत करून ठेविलें आहे, तें हेंच. गडावर ज्यासाठीं दिवस-दिवस तिष्ठत बसावें लागतें, तें विमानांत योग्य बाजूस बसलेल्या मुलास सहज दिसून जातें. फक्त कोणीं तरी त्यास अगोदर सांगितलेलें असावें लागतें.

तिसरा विचार विमानाच्या पंखाचा. बाजू बरोबर, वेळ बरोबर आणि खिडकीबाहेर दोन तास नुसता पांढरा पत्रा, असा प्रसंग पुष्कळांवर येतो. ए-३२० सारख्या विमानांत साधारण दहाव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत पंख आड येतो. त्याच्या पुढील ओळी सर्वांत उत्तम, पण त्यांचे पैसे बहुधा अधिक पडतात. अगदीं मागील ओळी स्वस्त असून त्यांतूनहि दृश्य चांगलें दिसतें. मात्र पंखाच्या लगेच मागें बसल्यास इंजिनांतून निघालेल्या तप्त हवेमुळें खालचा देखावा पाण्यांतून पाहिल्यासारखा थरथरतो, म्हणून आणखी थोडें मागें सरकावें. दुसरें असें कीं, खिडक्यांमधील अंतर विमानाच्या कारखान्यांत ठरतें आणि आसनांमधील अंतर विमान-कंपनी ठरवते. या दोहोंचा मेळ प्रत्येक ओळींत बसतोच असें नाहीं. कांहीं ओळींत खिडकी मानेच्या मागें जाते, आणि बोइंग ७३७ जातीच्या कांहीं विमानांत तर पंखापुढील एखाद्या ओळीस खिडकीऐवजीं नुसती भिंत असते, कारण त्या जागीं भिंतीच्या आंतून हवेच्या नळ्या गेलेल्या असतात. जागा निवडतांना पडद्यावर विमानाचा जो आराखडा दिसतो, तो नीट पाहिल्यास पंखाची जागा तरी समजते. तातडीच्या दारापाशीं असलेल्या ओळींत पाय पसरावयास जागा मोठी, पण तेथें वृद्धांस व मुलांस बसूं देत नाहींत. तेव्हां कुटुंबानें तिच्या नादीं लागूं नये.

लहान शहरांस जाणाऱ्या एटीआर जातीच्या पंख्याच्या विमानांस आमचे लोक थोडें नाक मुरडतात. पाहणाऱ्याच्या दृष्टीनें मात्र तेंच विमान चांगलें. त्याचा पंख छताच्या उंचीवर असतो, त्यामुळें खालचें कांहीं झांकलें जात नाहीं. तें हळू जातें आणि कमी उंचीवरून जातें. शेतांचे बांध, देवळांचीं शिखरें, नदीचे घाट हीं त्यांतून ओळखूं येतात.

आतां हिमालयाविषयीं. दार्जिलिंग किंवा सिक्कीम पाहावयास जाणारीं मराठी कुटुंबें पुष्कळदां दिल्लीहून बागडोगऱ्यास विमानानें जातात. हा मार्ग पूर्वेकडे, किंचित् दक्षिणेस कललेला. तेव्हां हिमालय सबंध वाटभर डाव्या हातास. येथें नकाशा आणि सूर्य दोघेहि एकाच बाजूस कौल देतात, कारण ऊन उजवीकडून येतें आणि बर्फ डावीकडे उजळतें. आकाश निवळ असेल तर गढवालमधील ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीपासून आरंभ होऊन धौलगिरी, अन्नपूर्णा, मग ८,८४८.८६ मीटरांचें एव्हरेस्ट आणि अखेरीस ८,५८६ मीटरांचें कांचनगंगा, अशी पर्वतराजांची पंगतच क्रमाक्रमानें समोरून जाते. पाहणाऱ्यानें एक चूक टाळावी. विमान ३५,००० फुटांवर म्हणजे एव्हरेस्टच्याहि वर सुमारें सहा हजार फूट असतें, म्हणून शिखरें खालीं दिसतील अशी अपेक्षा केली जाते. परंतु तीं शंभराहून अधिक किलोमीटर दूर असल्यामुळें जवळजवळ क्षितिजाच्या रेघेवर दिसतात, आणि तीं ढगच आहेत असें समजून पुष्कळ लोक मान फिरवितात. ढग आकार बदलतो, शिखर बदलत नाहीं. दोन मिनिटें टक लावून पाहिलें कीं फरक कळतो. कार्तिक-मार्गशीर्षांतील सकाळ यासाठीं उत्तम. चैत्र-वैशाखांत धूळ फार आणि पावसाळ्यांत ढग. परतीच्या वाटेवर अर्थातच उजवी खिडकी.

दिल्ली-लेह हा मार्ग उत्तरेचा. तेथें दुपारीं वारे जोराचे वाहूं लागतात, म्हणून विमानें बहुधा सकाळींच जातात. अर्थात् ऊन उजवीकडचें. डाव्या हातास नून आणि कून हीं जोडशिखरें, उजव्या हातास त्सो मोरीरी हें निळें सरोवर. ज्यास उन्हाचा त्रास होतो त्यानें डावीकडे बसावें. एरव्हीं हा मार्ग दोन्हींकडून बघण्यासारखा, कारण येथें विमान डोंगरांच्या शेजारून नव्हे, तर डोंगरांवरूनच जातें. मात्र लेहचा विमानतळच ३,२५६ मीटर उंचीवर आहे. घरांतील वडील मंडळींस, विशेषतः छातीचा वा रक्तदाबाचा विकार असलेल्यांस, वैद्यांचा सल्ला घेतल्यावांचून तेथें एकदम नेऊं नये, आणि सर्वांनींच पहिले एक-दोन दिवस विश्रांति घ्यावी. देखाव्याच्या लोभानें प्रकृतीशीं खेळ करण्यांत शहाणपण नाहीं.

परदेशीं मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनीं सपाट नकाशाऐवजीं पृथ्वीचा गोल घ्यावा आणि त्यावर दोरा ताणून पाहावा. उत्तर अमेरिकेकडे ताणलेला दोरा उत्तर ध्रुवाकडे कसा झुकतो, हें पाहून मुलांस मोठी मौज वाटते. मात्र या लांबच्या मार्गांवर राजकारणाचीहि सत्ता चालते. २०१९ सालीं व पुन्हां २०२५ सालीं पाकिस्ताननें आपलें आकाश भारतीय विमानांस बंद केलें, तेव्हां पश्चिमेकडील कित्येक विमानांस लांबचे वळसे घ्यावे लागले. म्हणून येथें दोऱ्यावर फार विसंबूं नये.

विमान उतरतांनाचीं दहा मिनिटें हीं सबंध प्रवासांतील सर्वांत भरगच्च होत. मुंबईस वारा बहुधा समुद्रावरून येत असल्यामुळें विमानें पुष्कळदां पूर्वेकडून येऊन पश्चिमेस तोंड करून उतरतात. अशा वेळीं उजव्या हातास पवई व विहार हे तलाव आणि त्यांमागचें जंगल, तर डाव्या हातास तुर्भ्याची टेकडी व बंदराची खाडी. याच विमानतळाच्या पश्चिमेस जुहूचें लहान विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गें एकट्यानें उडत आले, ते तेथेंच उतरले. मुलांस हें अवश्य सांगावें.

येथपर्यंत बाजू कशी निवडावी तें झालें. पण आमच्या दृष्टीनें खरा प्रश्न पुढचा आहे: ती खिडकी घरांतील कोणास द्यावयाची?

रूढि अशी दिसते कीं, ती सर्वांत धाकट्यास मिळते, कारण तो रडतो. किंवा सर्वांत कर्त्यास मिळते, कारण जागा तोच निवडतो. आजींस मार्गिकेजवळची जागा देतात. पाय मोकळे राहतात, शौचास उठणें सोईचें पडतें, हीं कारणें खोटीं नाहींत. लांबच्या प्रवासांत तर वडील माणसांनीं मधून मधून उठून पाय हलविणें आवश्यकच आहे. परंतु दीड-दोन तासांच्या प्रवासांत हीं कारणें किती लागू पडतात, आणि मुख्य म्हणजे आजींस कोणीं विचारलें काय? वयाच्या सत्तराव्या वर्षीं प्रथमच विमानांत पाय ठेवणाऱ्या स्त्रिया आमच्या घरोघरीं आहेत. ज्या गोदावरीचें नांव त्यांनीं आयुष्यभर सकाळच्या स्नानाच्या वेळीं घेतलें, ती नाशिकापासून पैठणापर्यंत कशी वळणें घेत जाते, हें एकदां तरी वरून पाहावें असें त्यांस वाटत नसेल, हें आपण कशावरून ठरविलें? नातवास पुढें पन्नास वेळां विमान मिळेल. आजींचा हा पहिला प्रवास कदाचित् शेवटचाहि असेल. त्या ‘मला काय करावयाची खिडकी’ असें म्हणतील, हें आम्ही जाणतों. आमच्या घरांतील वडील बायका पहिल्या वेळीं सर्वच गोष्टींस असें म्हणतात. दुसऱ्यांदा विचारावें.

दुसरी विसरली जाणारी व्यक्ति म्हणजे घरांतील सून. तिकिटें तिनेंच काढलेलीं असतात, पिशव्या तिनेंच भरलेल्या असतात, आणि मांडीवर मूल घेऊन मधल्या आसनावर तीच बसलेली असते. सबंध प्रवासांत तिनें बाहेर पाहिलेलें नसतें, याची दखलहि कोणी घेत नाहीं. यावर उपाय कठीण नाहीं. जातांना खिडकी सासूबाईंस द्यावी, येतांना सूनबाईंस; आणि त्या वेळीं मुलास आजोबांनीं संभाळावें. बारा वर्षांखालील मुलास, एकाच तिकीट-नोंदणींतील निदान एका पालकाजवळ जागा द्यावी, अशी सूचना एप्रिल २०२४ मध्यें नागरी विमानवाहतुकीच्या महासंचालनालयानें विमान-कंपन्यांस दिली आहे; तेव्हां मूल दूर पडेल या धास्तीनें सर्वांनीं एकमेकांस चिकटून बसण्याचें कारण उरत नाहीं. कुटुंब सहा जणांचें असेल, तर एकाच ओळींतील सहा जागा घेऊं नयेत. तसें केल्यास एक खिडकी चांगल्या बाजूची व एक वाईट बाजूची पदरीं पडते. एकामागें एक अशा दोन ओळींत, चांगल्या अंगाच्या तीन-तीन जागा घेतल्यास दोन्ही खिडक्या कामीं येतात.

खिडकी ज्यास मिळेल त्याजवर एक जबाबदारीहि येते. तिचा पडदा खालीं ओढून हातांतील यंत्रावर चित्रपट पाहत बसावयाचें असेल, तर त्यानें ती जागा दुसऱ्यास द्यावी. आणि पाहत असेल तर त्यानें मुकाट्यानें पाहूं नये; मधल्या व कडेच्या आसनावरील आपल्या माणसांस नांव घेऊन सांगत जावें, त्यांस क्षणभर पुढें वांकूं द्यावें. वाटेंतील मुक्कामांचीं व नद्यांचीं नांवें घेण्याची ही रीत आपल्याकडे नवी नव्हे. कालिदासाच्या ‘मेघदूतां’तील यक्ष, ज्यास पुष्कळ विद्वान नागपूरजवळचें रामटेक समजतात त्या रामगिरीवरून मेघास निरोप सांगावयास बसला, तेव्हां त्यानें आधीं सर्व वाट सांगितली, नर्मदा कोठें, विदिशा कोठें, उज्जयिनीस वळसा कां घ्यावयाचा, हें सर्व समजावलें, आणि मग निरोप सांगितला. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गांत पुष्पक विमानांतून परततांना श्रीराम सीतेस समुद्रापासून शरयूपर्यंत एकेक स्थळ दाखवीत जातात. तेथें पाहणें सीतेचें आहे आणि सांगणें रामाचें. पण ज्या पंचवटीवर ते बोट ठेवतात, ती दोघांच्याहि आयुष्यांतील आहे.

म्हणून पुढील प्रवासापूर्वीं आमच्या वाचकांनीं एक संध्याकाळ यासाठीं काढावी. जेवणें झाल्यावर नकाशा पसरावा, रेघ आजोबांनीं ओढावी, डाव्या-उजव्या अंगाचीं गांवें मुलांनीं वाचावीं, ऊन कोणत्या बाजूस येईल याचा हिशेब कोणीं तरी करावा, आणि मग जागा निवडाव्या. कोणत्या घटकेस, कोणत्या हातास काय यावयाचें, तें एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून ती खिडकींत बसणाऱ्याच्या हातीं द्यावी. ढग आले आणि वाटेंत कांहींच दिसलें नाहीं, तरी त्या एका संध्याकाळीं घरांतील लहानथोरांस आपल्या मुलखाचा जो परिचय झाला, तो वायां जात नाहीं.